पांढऱ्या पेटीवरचा लाल पंजा

कवठदऱ्याच्या चावडीपुढे एवढी माणसं जमली होती की आमची दमणी पारापाशीच अडली, आणि मला सगळ्यात आधी खटकली ती शांतता. एवढ्या गर्दीत एखादं पोर तरी केकाटतं, कुणीतरी कुणाला शिवी हासडतं. इथं सगळे चावडीच्या बंद दाराकडे बघत उभे. दाराला सरकारी कुलूप, कुलपात खोचलेला कडूलिंबाचा डहाळा, उंबऱ्यावर कुंकू माखलेला भात आणि कापलेली लिंबं. मी गाडीवानाला काही विचारणार इतक्यात आतून ‘ठक्’ असा आवाज आला. पुढची माणसं मागच्यांच्या पायांवर चढली. एका म्हातारीनं पदरानं नातीचे कान झाकले.

“लखीराम,” गाडीवान खालच्या आवाजात म्हणाला. “दार ठोकून राह्यला.”

“कोण लखीराम?”

“मेला तो. लढाईत. आता पेटीत हाय.”

मी अकोल्याच्या एका साप्ताहिकाचा वार्ताहर. भुतांवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आमच्या संपादकांवरही फारसा नव्हता. मला वाशीमच्या गाडीत बसवतानाच त्यांनी मथळा हातात ठेवला होता: ‘रक्त पिणारी मतपेटी’. बातमी मागाहून मी आणायची होती.

सदतीस साल होतं, असेंब्लीच्या निवडणुकीचं. निम्म्याहून जास्त लोकांना अक्षर ओळखीचं नाही, म्हणून उमेदवारागणिक एका रंगाची पेटी ठेवलेली. पडद्याआड जायचं, हव्या त्या रंगाच्या पेटीत कागद टाकायचा, बाहेर यायचं. कवठदऱ्यात मतदान परवा झालं. झालं म्हणजे सुरू झालं आणि थांबलं.

काय घडलं ते मला पारावर सात-आठ जणांनी सांगितलं, आणि प्रत्येकानं आपापलं मीठमिरची लावून. ती झटकून टाकली तर उरतं ते एवढं. सकाळीच कारकुनानं चावडीच्या दारात उभं राहून पुकारा केला, “सोनीबाई, बेवा लखीराम, राहणार तांडा!” गावाच्या अंगाला लमाणांचा तांडा आहे. तिथला लखीराम चौदा सालच्या मोठ्या लढाईत पलटणीची खेचरं घेऊन इराकात बसऱ्याला गेला आणि तिकडंच संपला. घरी आला तो एक कागद, आणि मग पेन्शन. त्या पेन्शनीमुळं सोनीबाईला मताचा हक्क मिळाला. तांड्यात तो मिळालेली ती एकटीच बाई. ती पडद्याआड गेली आणि किंचाळली. बाहेर आली तेव्हा तिचा उजवा तळवा लालभडक होता. कारकून आत धावला. पांढऱ्या पेटीच्या झाकणावर, सरकारी मोहोरेच्या शेजारी, पाच बोटांचा लाल पंजा उमटलेला होता.

माणसं वाट फुटेल तिकडं पळाली. तेव्हा मतदानाचे अधिकारी मारोतराव ओट्यावर आले आणि म्हणाले, “काही झालेलं नाही. घरी जा. याबद्दल कुणी कुठं बोलायचं नाही.” एवढं बोलून त्यांनी चावडीला कुलूप घातलं.

आता मला सांगा, ज्या गावानं आपल्या डोळ्यांनी लाल हात बघितला, त्याला ‘काही झालेलं नाही’ म्हणून कसं चालेल? गावानं सरळ अर्थ काढला की सायेब लपवून राह्यला. आणि साहेब लपवतो म्हणजे गोष्ट तशीच भयंकर असणार. सांजेपर्यंत पेटीत लखीराम होता. दुसऱ्या दिवशी तो दार ठोकू लागला. विहिरीवर बायका एकट्या जाईनात. चावडीपुढची वाट ओस पडली, लोक चिखलातनं वळसा घालून जाऊ लागले, आणि ज्या घरांत अठरा सालच्या मानमोडी तापाच्या साथीत माणसं गेली होती त्या घरांतल्यांना आपापली मेलेली माणसं दिसू लागली. एक जण मला शपथेवर म्हणाला की त्याच्या बापानं त्याला पहाटे नावानं हाक मारली.

अशा वेळी बुवा यायचाच. तो आला, म्हणजे गावच्या जगदेव पाटलांनी त्याला दमणी पाठवून आणला. अंगारेबुवा त्याचं नाव. कपाळभर राख, गळ्यात कवड्या, आणि जीभ कातरीसारखी. चावडीपुढे बसून त्यानं डोळे फिरवले आणि सुरू केलं: “समिंदराच्या पलीकडचा जीव हाय हा. माती नाई भेटली याले, पानी नाई भेटलं. वाळूत हाडं, वाऱ्यात प्राण. बसऱ्याहून निघाला, बंबईले उतरला, रेलगाडीनं आला!” भुताला रेलगाडी कशाला लागते, हे कुणी विचारलं नाही.

मग त्यानं परीक्षा घेतली. चार बायकांच्या हाताला हळद लावली आणि वर आपलं तीर्थ शिंपडलं. तिघींचे हात पिवळे राहिले. सोनीबाईचा लाल झाला. गर्दीतनं जो उसासा निघाला तो म्हणे तांड्यापर्यंत ऐकू गेला. बुवानं निकाल दिला की लखीराम या बाईच्या हातात शिरलाय. तो आपणहून आला की हिनं बोलावला, एवढंच बघायचं राहिलंय. उकळत्या तेलातनं लोखंडी कडं काढायचं. हात भाजला तर हिनंच बोलावलं, म्हणजे ही डाकीण, हिला तांड्यातून बाहेर काढायचं. नाही भाजला तर भूत बुवा घेऊन जाणार. म्हणजे हात जळो की वाचो, बुवा खराच ठरणार होता.

तेल मी पोचलो त्याच दिवशी तापायचं होतं, उन्हं कलल्यावर; तेवढ्यासाठीच ही गर्दी जमली होती.

मी आधी तांड्यात गेलो. म्हटलं, बाई रडत असेल, तिची दोन वाक्यं घेऊ. सोनीबाई झोपडीपुढं बसून गाठोड्यातली फाटकी चोळी शिवत होती, डाव्या हातानं. उजवा हात मांडीवर उपडा ठेवलेला, जसा दुसऱ्याचा हात सांभाळायला दिला असावा. वय पन्नाशीच्या आसपास. शेजारी तांड्याचे नाईक उदयसिंग खाली मान घालून बसले होते. त्यांनी बुवाला नाही म्हणून बघितलं होतं, पण तांड्यातलीच अर्धी माणसं बुवाच्या बाजूनं बोलत होती, आणि बाई स्वतः तयार होती.

“तेलात हात घालायला तुम्ही कशा तयार झालात?” मी विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. “तो आला असन त मले भाजू देनार नाई जी.”

मग तिनं आपणहून सांगितलं. तो गेल्यापासून त्याचं नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. दिवाळीला पितरांचा घास टाकताना तीच पुटपुटायची तेवढं. आणि परवा भर चावडीत, सगळ्या गावादेखत, सरकारच्या माणसानं त्याला हाक मारली. तिला वाटलं तो मागं उभा आहे. तिनं वळूनही बघितलं. “आन् मंग हात असा झाला. दुसरं कोन असन, तुमीच सांगा.”

दिवसाढवळ्या त्या झोपडीपुढं माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. निघताना सहज विचारलं, परवा सकाळी कुठं होतात? म्हणाली, पाटलांच्या मळ्यात हळद काढणं सुरू आहे, उकडून वाळवलेली हळद घासायला सगळा तांडा जातो. ती कामावरनं तशीच उठून मत द्यायला गेली होती.

तिथून मी तडक चावडीच्या मागच्या दारानं मारोतरावांकडं गेलो. माणूस चांगला, नोकरीत केस पिकवलेला, निवृत्तीला टेकलेला. मला बघून त्यांनी टेबलावरची तार पुढं केली. वर्तमानपत्रांशी बोलू नये, शांतता राखावी, असा वरून हुकूम होता. म्हटलं, बोलू नका, पेटी तेवढी दाखवा. बराच वेळ नाही-नाही म्हणून शेवटी त्यांनी दाखवली.

खोलीत अंधार होता. झरोक्यातनं ऊन पेटीवर पडलेलं. तो पंजा मी अजून विसरलेलो नाही. बारकी बोटं, अंगठा जरा वाकडा, सगळ्या रेषा दिसाव्यात इतका स्पष्ट. त्याच्याकडं बघत असताना पेटी माझ्यासमोर वाजली. ठक्. मी मागं सरलो आणि भिंतीवर आदळलो. पाठीला सगळा पांढरा चुना लागला, कारण साहेब येणार म्हणून पाटलांनी चावडी नुकतीच सारवून-रंगवून घेतली होती.

सदरा झटकता झटकता माझा हात थांबला. मी पेटीपाशी गेलो, मोहोर सोडून कोपऱ्यातला पांढरा रंग नखानं खरवडला आणि जिभेला लावला. जीभ चरचरली.

“मारोतराव, हा रंग नाही. हा चुना आहे.”

मग त्यांनी सांगितलं. पेटी बैलगाडीतनं येताना घासली, रंग उडाला, खालचं लाकूड दिसायला लागलं. वाशीमहून रंग मागवायला वेळ नव्हता. भिंतीच्या चुन्याची बादली तिथंच होती, तर मोहोर लावायच्या आधी कोतवालाकडनं एक हात फिरवून घेतला. पांढरा तो पांढराच, असं वाटलं. ओला होता, तेवढ्यात त्या बाईचं नाव पुकारलं गेलं. आणि ती आवाज करणारी फळी चुन्याचं पाणी पिऊन फुगली होती, आता वाळताना तडकत होती. बाजूची चीर त्यांनी मला दाखवली.

“तिचा हात पाह्यला तेव्हाच मले समजलं,” ते म्हणाले. “माही बायको दरसाल घरी कुंकू करते. हळदीले चुना लागला की लाल होनारच.”

“मग बोलला का नाही?”

“सरकारी पेटीले आपल्या मनानं चुना लावला, हे कसं सांगू? नोकरी जाईन. पेन्शन जाईन. वाटलं, चार दिसात लोक विसरतीन.”

मला संताप आला. म्हटलं, गावातल्या प्रत्येक घरात कुंकू तयार होतं, प्रत्येक बाईला हे ठाऊक आहे. त्यांना ठाऊक नाही ती एकच गोष्ट, की पेटीवर रंग नव्हता. ती तुम्ही खिशात घालून बसलात, आणि तिकडं तेल तापतंय.

ते उठले. मग ट्रंकेतून एक कागद काढला. म्हणजे त्यांच्याही मनात होतंच. वाचायला लागले: “सदर पेटीवरील रंगद्रव्यातील क्षाराचा हरिद्रेशी संयोग होऊन...”

कागद मी काढूनच घेतला. हे तहसीलदारांना पाठवा, म्हटलं, इथं हरिद्रा कुणाच्या मळ्यात उगवत नाही. मग मी गावकरी झालो आणि त्यांना आडवेतिडवे प्रश्न विचारू लागलो. ‘मंग ठोकून कोन राह्यलं?’ म्हटलं की ते ‘सरकारच्या वतीनं’ अशी सुरुवात करत. मी त्यांना तिथंच अडवायचो. सरकार नको, मी म्हणा. आधी आपली चूक सांगा, मग हात दाखवा. बुवाला शिवी देऊ नका, नाहीतर माणसं त्याच्या मागं उभी राहतील. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणा. लाजेनं त्यांचे कान लाल झाले होते, पण ते शिकत होते.

उन्हं कलली. चावडीपुढं चूल, चुलीवर कढई, तेलावर धूर धरायला लागलेला. सोनीबाई कढईच्या पलीकडं उभी होती आणि तिची नजर तेलावर नव्हती, चावडीच्या दारावर होती. अंगारेबुवानं चिमटा वाजवला आणि कडं तेलात सोडलं. तेवढ्यात मारोतराव मागच्या दारानं येऊन, पुढचं कुलूप काढून पेटी उचलून बाहेर आले. गर्दी दुभंगली. माणसं अक्षरशः एकमेकांवर पडली.

त्यांनी पेटी ओट्यावर ठेवली.

“परवा मी तुमाले काही झालं नाई म्हटलं,” ते म्हणाले. “ते मी खोटं बोललो. चूक माही हाय. या पेटीचा रंग उडाला होता. मी त्याच्यावर रंग नाई लावला, चुना लावला. भिंतीचा चुना. ओला होता. सोनीबाई हळदीच्या कामावरून आली होती.”

पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. बायकांच्या बाजूनं आधी एक ‘अगं बाई’ आलं, मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. गोजराबाई म्हणून एक ठसठशीत बाई पुढं आली आणि म्हणाली, “मंग काहून सांगतलं नाई जी आगुदर? कुकू झालं ना ते!” ज्या बायका विहिरीवर एकट्या जात नव्हत्या त्या आता ओट्यावर चढून पेटी नखानं खरवडून बघत होत्या. मारोतरावांनी पेटीची चीर दाखवली. त्यांनी ठकठकीचं कारण सांगितलं, आणि पेटीनंही कृपा करून तेव्हाच एक ‘ठक्’ दिलं. या वेळी कुणी पळालं नाही. दोघं-तिघं हसले.

अंगारेबुवा मात्र कसलेला. “पेटीले चुना होता,” तो गरजला, “पन माह्या तीर्थाले काय चुना हाय? तीर्थानं काहून लाल झाला हिचा हात? भूत सरकारी कागदाले भीत नाई!”

गर्दी पुन्हा बुवाकडं वळली. मला भीती वाटली की आता सगळं पाण्यात जातंय. पण मघापासून मी बघत होतो, बुवाजवळ दोन लोटे होते, एकाच्या गळ्याला काळा दोरा. मी मारोतरावांच्या कानाशी लागलो. ते ओट्यावरनं खाली उतरले, बायकांकडनं चिमूटभर हळद घेतली आणि जगदेव पाटलांपुढं हात जोडून उभे राहिले.

“पाटील, बुवा तुमचे पावने. तुमच्या अंगात काही भूत नाई. हाताले हळद लावा, आन् बुवांनी त्या काळ्या दोऱ्याच्या लोट्यातलं तीर्थ घालावं. पिवळा राह्यला त मी सोता कडं काढतो.”

जगदेव पाटलांनी हात मागं घेतला. नुसता मागं नाही, तर खांद्यावरच्या उपरण्याखाली लपवला. सगळ्या गावानं ते बघितलं. पिवळी पेटी पाटलांच्या माणसाची होती, तांड्याची मतं पांढऱ्या पेटीत जाणार होती, आणि भुताच्या धाकानं तांड्याचा एकही माणूस पुन्हा मत द्यायला चावडीत पाऊल ठेवणार नव्हता. हे सगळं त्या एका लपलेल्या हातानं सांगितलं.

गोजराबाईनं तोवर आपल्या हाताला हळद फासली होती. तिनं बुवाला कोपरानं बाजूला केलं आणि काळ्या दोऱ्याच्या लोट्यात हात बुडवला. वर काढला तेव्हा लालभडक. मग दुसऱ्या लोट्यातलं पाणी दुसऱ्या हातावर घेतलं. पिवळाच राहिला. तळाचा निवळलेला चुना तिनं लोटा उलटा करून सगळ्यांना दाखवला, आणि बुवाला जे काही म्हणाली ते मी छापू शकलो नाही.

बुवाला कुणी मारलं नाही. मारोतरावांनी मारू दिलं नाही. तो आपला चिमटा विसरून गेला. कढई उतरवली. त्या गोंधळात सोनीबाई तशीच उभी होती. मला वाटलं होतं ती रडेल, पाया पडेल. ती मारोतरावांपाशी आली.

“म्हंजे तो आलाच नव्हता?”

मारोतरावांना हा प्रश्न मी पढवला नव्हता.

“नाई बाई,” ते म्हणाले. “नाई आला. तो तिकडंच राह्यला.”

तिनं मान हलवली. उदयसिंग नाईक तिला घेऊन तांड्याकडं गेले.

माझी बातमी छापून आली. भुताची अफवा आमच्याच साप्ताहिकानं आधी पहिल्या पानावर मोठ्या टायपात छापली होती, चुन्याची बातमी शेवटच्या पानावर तेलाच्या जाहिरातीखाली आली. मारोतरावांची चौकशी झाली आणि त्यांना निवडणुकीच्या कामावरनं काढलं. पेन्शन कशीबशी वाचली. मी त्यांना भेटलो तेव्हा ते म्हणाले, पहिल्याच दिवशी बोललो असतो तर एवढं झालं नसतं. ते खरं होतं.

म्हणून वाचणाऱ्यांनो, एवढंच मागणं आहे. डोळ्यांपुढं काही अचाट घडलं तर पळू नका, आणि हातही जोडू नका. जवळ जा, खरवडून बघा, काय लावलं होतं ते विचारा. आणि ज्याला ठाऊक आहे त्यानं खुर्चीच्या भीतीनं गप्प बसू नये. बुवाकडं एक लोटा चुन्याचं पाणी होतं. बाकीचं सगळं भय आपल्या गप्प बसण्यातून तयार झालं, आणि ते एका बाईचा हात जाळायला निघालं होतं.

थांबलेलं मतदान पुन्हा झालं तेव्हा मी मुद्दाम गेलो. पेटी नवी होती, वाशीमहून तेलाचा पांढरा रंग लावून आणलेली. नव्या अधिकाऱ्यानं पुकारा केला, “सोनीबाई, बेवा लखीराम!” ती पुन्हा हळदीच्या कामावरनं आली होती, हात न धुता. पुढं होण्याआधी तिनं एकदा मागं वळून बघितलं. मग पडद्याआड गेली.

बाहेर आली तेव्हा तिनं तळवा उन्हात धरला आणि बराच वेळ बघत उभी राहिली. हात पिवळाच होता. मग तिनं तो लुगड्याला पुसला आणि कामावर गेली.